हातभर चटई

"डावा खांदा सैल सोडा, सुलभाताई. चटई ताण ओढून घेईल," कालिंदी मॅडम हळुवार आवाजात म्हणाल्या.

शवासनात पडलेल्या सुलभाताईंनी खांदा उलट आवळलाच. त्याच खांद्यावर डोकं ठेवून त्यांची लेक शेवटची झोपली होती. ताणाबरोबर त्यामागची आठवणही जाते, हे त्यांना माहीत होतं.

"एवढा राहू द्या."

"अहो, मी तर सगळे ताण सोडले. आता काही म्हणजे काही आठवत नाही. झोप मात्र छान लागते!"

सुलभाताईंनी मान वळवली. मॅडमच्या चटईशेजारी रोजच्यासारखी एक हातभर चटई अंथरलेली होती, वर छोटंसं पांघरूण.

"ही कोणासाठी?"

"काय माहीत! हात आपोआप अंथरतात," मॅडम हसल्या, आणि त्या रिकाम्या चटईवरचं ते पांघरूण वर ओढून हलकेच थोपटू लागल्या.