ओळख परेड

गुन्हेशास्त्राचा तास ऐन रंगात आला असताना एक माणूस वर्गात घुसला आणि सरांची बॅग उचलून पसार झाला. आठवड्याभराने सरांनी सहा जणांना रांगेत उभं केलं. "ओळखा चोर."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ताडकन चौथ्याकडे बोट दाखवलं.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के, सर."

सर हसले. चोरी हे त्यांनीच रचलेलं नाटक होतं. चौथा माणूस कँटीनचा आचारी होता आणि चोर झालेला त्यांचा मित्र त्या रांगेत नव्हताच.

संध्याकाळी तिला बाबांचा फोन आला. "काय गं, हे असलं शिकून नोकरी कुठे मिळणार, कळलं का काही?"

"बाबा, आपलं दुकान फोडलं होतं ना, तेव्हा कोर्टात तुम्ही एकाला ओळखलं होतंत..."

"तो होय! चांगली पाच वर्षं खडी फोडायला पाठवलं लेकाला."

"पण तो नक्की तोच होता ना?"

"म्हणजे काय!" बाबा ताडकन म्हणाले. "शंभर टक्के."