पुस्तकावर हात

रक्तदाबाची गोळी एकदाच द्यायची होती, ती दोनदा दिली गेली. सकाळी आठला वारांच्या कप्प्यांच्या डबीतली, आणि नाश्त्यानंतर पाकिटातली. दहाच्या सुमाराला डबीतला आजचा कप्पा रिकामा दिसला तेव्हा दिवसभर सांभाळायला येणाऱ्या बाईच्या ते लक्षात आलं. म्हातारीचा नुकताच डोळा लागला होता. घरात तिसरं कुणी नव्हतं.

बाईनं आधी डॉक्टरांना फोन केला, मग म्हातारीच्या मुलाला. म्हातारीच्या पायांखाली दोन उशा सरकवल्या आणि दर पंधरा मिनिटांनी दाब मोजून वहीत लिहीत बसली. आकडा खाली गेला, तिथंच रेंगाळला, मग हळूहळू वर यायला लागला. डॉक्टर आले, तपासून गेले. धोका टळला होता.

मुलगा आणि सून पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलाचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं आधी आईच्या नाकाशी बोट धरलं, मग वही चाळली, मग बाईकडे पाहिलं.

"असं याआधी किती वेळा झालंय?"

"एकदाही नाही. आज पहिल्यांदाच."

"आम्हाला काय कळणार? दिवसभर आम्ही घरात नसतो."

"म्हणून तर मी फोन केला, दादा."

पलंगाजवळच्या फळीवर आईचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, कडा हाताळून मऊ पडलेलं. त्यानं ते उचलून बाईसमोर धरलं. "यावर हात ठेवून सांगा, पहिल्यांदाच झालं म्हणून. मग विषय संपला. मी पुन्हा काढणार नाही."

सून हळूच म्हणाली, "ठेवा ना बाई. ते एकदा म्हणाले की संपलं म्हणजे संपतं."

बाईनं दोन्ही हात मागे घेतले. "नाही ठेवणार."

"का? मनात काही आहे?"

"मनात काही नाही. मी देव मानत नाही."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, पण या रोज संध्याकाळी आईंना यातलंच तर वाचून दाखवतात. निम्मं तर मलाही पाठ झालंय."

"आजींना आता अक्षर दिसत नाही, आणि ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही," बाई म्हणाली. "त्यांच्यासाठी वाचते."

मुलगा खुर्चीत बसला. आवाज चढला नाही, पण जड झाला. "दीड वर्ष आई तुमच्या हवाली आहे. ती उठू शकत नाही, कुठली गोळी दिली ते तिला दिसत नाही. मी निर्धास्त होतो, कारण वाटायचं, आम्ही नसलो तरी वरचा बघतोय याची तुम्हाला जाणीव असेल. आता तुम्हीच सांगताय की वर कुणी नाही. मग आम्ही घराबाहेर पडल्यावर तुम्हाला धरून ठेवणारं काय राहिलं?"

"सकाळी दहा वाजता कुणी धरलं होतं मला?"

त्यानं हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"डबीत एक गोळी परत टाकली असती की काम झालं असतं. आजींना चक्कर आली असती तर म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. तुम्हाला ठाऊक आहे ते मी सांगितलं म्हणून. आता ते खरं ठरवायला आणखी काय आणू?"

"अहो बाई, नुसता हात तर ठेवायचाय," सून काकुळतीला आली. "मानत नाही ना तुम्ही? मग तुमचं काय जातं त्यात?"

"तेच तर, वहिनी. मानणाऱ्यानं हात ठेवला तर ती शपथ. मी ठेवला तर ते सोंग. तुमचं समाधान होईल, माझी नोकरी राहील, आणि मी तुमच्या तोंडावर तुम्हाला फसवलेलं असेल. सकाळी एक चूक झाली. ती नजरचुकीनं झाली. ही जाणूनबुजून करायची का?"

मुलानं पुस्तक मांडीवर ठेवलं. "मग उद्यापासून येऊ नका. मला हे जमणार नाही."

"बरं."

बाईनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "एक वाजत आला. आजींची कूस बदलायची वेळ झाली. दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. या इकडे, दाखवते. उद्या तुम्हालाच करायचंय."

तो पुस्तक खुर्चीवर ठेवून आला. बाईनं त्याचा एक हात आईच्या खांद्याखाली दिला, एक कमरेखाली. "ओढायचं नाही. वळवायचं." म्हातारी डाव्या कुशीवर आली. डोळे मिटलेलेच होते, पण ती केव्हाची जागी होती.

"पोरी, निघालीस का?" तिनं विचारलं.

"हो, आजी."

"मग संध्याकाळचं आत्ताच वाच."

"मी वाचतो, आई," मुलगा घाईनं म्हणाला. "संध्याकाळी मी वाचीन. उद्याही मीच."

"तू नको." म्हातारीनं उशीवरच मान हलवली. "तू पानंच्या पानं गाळतोस. मला तोंडपाठ आहे रे ते सगळं. ही यायच्या आधी तीन वर्षं ऐकलंय मी तुझं."

सून खिडकीबाहेर बघू लागली. मुलानं आईच्या पाठीवरचा हात काढला. मग खुर्चीवरचं पुस्तक उचलून त्यानं बाईपुढे केलं.

बाईनं लगेच हात पुढे केला नाही. आधी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"वाचायला घेतेय," ती म्हणाली.