पुलावरचा सत्कार

साहेबराव आठवड्यातून दोनदा जाईबाईंना डायलिसिसला न्यायचे. देहूरोडहून लोकलने यायचं, वाटेतल्या स्टेशनात उतरायचं आणि पूल चढून पलीकडची मेट्रो धरायची. बायकोच्या पायांत त्राण नव्हतं, म्हणून ते तिला पाठुंगळीला घेऊन जिना चढत. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो घरोघरच्या फोनवर फिरला आणि वर्षभरात तिथं लिफ्ट बसली.

उद्घाटनाला दोघांना सत्काराचं बोलावणं आलं. जाईबाई ठेवणीतली साडी नेसल्या. लोकलमधून उतरून दोघं हळूहळू लिफ्टपाशी आले, तर दाराला लाल फीत बांधलेली.

"काका, आधी वर पुलावर सत्कार आहे. मग पाहुणे खाली येऊन फीत कापतील. तोवर लिफ्ट बंद," रखवालदार म्हणाला.

साहेबराव बायकोपुढे पाठ करून वाकले. जाईबाई मागे सरल्या.

"आज नगं. एवढ्या लोकांत तुमास्नी दमल्यालं बघवायचं न्हाई मला."

तेवढ्यात वरून माइकवर पुकारा झाला,

"ज्यांच्यासाठी ही लिफ्ट उभी राहिली, त्या जाईबाईंनी कृपया मंचावर यावं."