खडखडाट

शेजारचे काका गेले आणि त्यांची जुनी मोटरसायकल काकूंनी मला देऊन टाकली. सहा महिने मी ती तशीच खडखडवत चालवली. मग एका रविवारी व्हिडिओ बघून आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात धरला. प्लग घासला, चेन ताणली, चेनकव्हरचा ढिला बोल्ट आवळला. दिवसभर खपलो, पण गाडी अशी गुमान चालायला लागली की माझी मीच पाठ थोपटून घेतली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर काकू त्यांच्या फाटकाशी अंधारातच उभ्या.

“गाडी बंद पडली का रे? चार दिवस आवाजच नाही.”

“बंद कुठली, काकू! खडखडाट गेला एकदाचा.”

“बरं झालं बाई. ह्यांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं.” त्या हसल्या. “तो आवाज आला ना, की मी अजूनही उठून बाहेरचा दिवा लावत होते. आता अंधार कधी पडतो, कळतच नाही बघ.”



दुसऱ्या दिवशी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबलो, पाना काढला आणि तो बोल्ट दोन आटे ढिला केला.