नाका

मागल्या वर्षी आशालताबाईंच्या घरात पाहुण्यांबरोबर एक 'साधी सर्दी' आली. तपासल्यावर तो कोरोना निघाला. पाहुणे चार दिवसांत ठणठणीत झाले. स्मृतिभ्रंश झालेले बाईंचे पती हरिभाऊ मात्र पंधरा दिवसांनी उठले, ते चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचं नावसुद्धा विसरून.

तेव्हापासून बाईंनी अंगणाच्या फाटकाला कडी घातली. खोकणारा कुणी का असेना, टेस्ट दाखवल्याशिवाय आत घ्यायचा नाही. अख्खं जव्हार हसलं, "आता कुठला कोरोना काढलाय हिनं?" बाई बधल्या नाहीत. उलट पहाऱ्याला त्यांनी ओटीवर हरिभाऊंनाच खुर्ची टाकून दिली. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या वनखात्याच्या जंगल नाक्यावर तीस वर्षांच्या नोकरीत हरिभाऊंनी पासाशिवाय लाकडाचा एक ट्रक सोडला नव्हता. ती सवय तेवढी अजून शाबूत होती.

दिवाळीला ठाण्याहून नीलेश आला, तो खोकतच. ओटीवरून शिट्टी वाजली.

"थांब! पास कुठाय?"

"बाबा, मी नीलेश! तुमचा मुलगा! आई, सांग ना त्यांना. सणासुदीला मला दाराबाहेर उभं करणार?"

आशालताबाई फाटकापर्यंत आल्या. पण कडीला त्यांनी हात लावला नाही.

"आधी टेस्ट करून ये," त्या म्हणाल्या.



हरिभाऊंनी ताडकन उठून बाईंना कडक सलाम ठोकला आणि ते मुलावर गरजले, "ऐकलंस ना? रेंजरबाई स्वतः नाक्यावर आहेत. गाडी मागे घे!"