टेपचं टोक

"हलू नकोस," म्हणत बाबांनी शिलाईच्या टेपचं एक टोक आईच्या गालाला लावलं आणि दुसरं कॅमेऱ्याशी धरलं.

मी वैतागले. बाबांचा कॅमेरा जुना, घडीचा. झाकण उघडलं की भात्यासकट लेन्स बाहेर येते. समोरचं माणूस किती फुटांवर आहे ते आपणच ओळखायचं आणि रिंग त्या आकड्यावर फिरवायची. अंदाज चुकला की चेहरा पुसट. म्हणून तर त्यांच्या पंच्याहत्तरीला मी अंतर सांगणारं छोटंसं यंत्र शोधून आणलं होतं. ते गच्चीच्या कठड्यावर तसंच पडून होतं.

"बाबा, ऊन नुसतं बघून तुम्ही शटर बरोबर लावता. मग अंतरालाच ही टेप कशाला? आणि काका-आत्यांना कधी लावली नाहीत ती! अल्बममध्ये सगळे पुसट आलेत, आई तेवढी स्पष्ट."

बाबा भात्यावरची नसलेली धूळ पुसू लागले. उत्तर आईनेच दिलं.

"अगं, तेव्हा घरभर माणसं. सगळ्यांच्या देखत यांना माझ्या गालाला हात लावता यायचा, तो फक्त फोटो काढताना."

एवढं बोलून ती चक्क लाजली. मी यंत्र उचलून डबीत ठेवलं.

बाबांनी रिंग फिरवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"हललीस वाटतं. परत मोजतो."

आई तसूभरही हलली नव्हती.