पुन्हा वाळूखाली

"झाकून टाका सगळं," असं म्हणत उत्खननप्रमुख एलमिराबाईंनी वाळूत पहिलं फावडं स्वतःच घातलं.

पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावरचे हे कच्च्या विटांचे पिरॅमिड त्यांनी अर्धं आयुष्य घालवून वर काढले होते. बांधणाऱ्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. उद्या मंत्री बघायला येणार होते आणि आजच, एरवी पावसाचा थेंबही न पडणाऱ्या त्या मुलखावर काळे ढग दाटले होते.

"अहो बाई, मग उद्या दाखवायचं काय?" नगराध्यक्ष चिडले. "सापडलेलं कुणी पुरतं का?"

"ही भाजकी वीट नाही. एका सरीत चिखल होईल."

"म्हणून आपल्याच हातांनी पुरायचं?"

"बांधणाऱ्यांनीही आपल्याच हातांनी पुरलं होतं." बाईंनी पायरीला चिकटलेला लव्हाळ्याच्या चटईचा जीर्ण तुकडा दाखवला. "आधी चटया अंथरल्या, मग वाळू लोटली. वारा काही चटया अंथरत नाही. त्यांनी झाकलं, म्हणून आपल्याला मिळालं. आता बाजूला व्हा."

नगराध्यक्ष त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग मांडवाकडे वळून ओरडले, "मंत्र्यांसाठी अंथरलेल्या चटया गुंडाळा! सगळ्या इकडे आणा!"